मुक्काम आत की बाहेर?

गेल्या महिन्यात पारावर तिसऱ्या माणसानं मला अडवून विचारलं, "भाऊ, पोट्ट्यायले रामोजी फिल्म सिटी दाखवाले घेऊन जाऊन रायलो. खोली आतमंदी घ्याव का बाहीर?" पहिल्याला मी अर्धा तास सांगितलं होतं, दुसऱ्याला पंधरा मिनिटं. तिसऱ्याला म्हटलं, थांब बाप्पा, लिहूनच काढतो, सुनेच्या मोबाइलवरून पाठवून देईन.

मलाच विचारतात, कारण मी दोनदा जाऊन आलो. एकदा बाहेर राहून, एकदा आत राहून. शिवाय एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो, २०१८ ला रिटायर झालो, आणि मुक्काम या विषयात गावात माझ्याएवढा अनुभव कुणाचा नाही. अर्धी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवटची फेरी रात्री आठ-साडेआठला खेड्यात पोचते आणि तिथंच थांबते. ड्रायव्हर एका सीटवर, वाहक मागच्या लांब सीटवर, नाहीतर दोघंही मारुतीच्या देवळात. पैशाची बॅग उशाला. कुणाच्या तरी घरून भाकर आणि वांग्याची भाजी येते. डास फुकट. सकाळी सहाला तीच गाडी तालुक्याला निघते, शाळेची पोरं, दुधाच्या कॅना, दवाखान्यात निघालेलं एखादं म्हातारं माणूस घेऊन. गाडी खेड्यात झोपते ती या पहिल्या फेरीसाठी.

तर अशा माणसाला झोपायचे पैसे मोजायला लावणं म्हणजे कठीण काम. पाठ टेकायला फळी आणि उशाला बॅग, एवढ्यात माझं भागतं. घरच्यांचं भागत नाही, हे कळायला मला बारा वर्षं लागली.

पहिल्यांदा गेलो २०१३ च्या दिवाळीनंतर. मी, ही, पोरगा आणि पोरगी. माझा पास होता म्हणून आदिलाबादपर्यंत आपली एसटी, तिथून आंध्रची. तेलंगण तेव्हा वेगळं व्हायचं होतं. हैदराबादेत बस स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरलो. नाव लिहीत नाही. चारशे रुपयांत चौघं एका खोलीत, मी खूश. सकाळी सहाला नळ सोडला तर नुसती हवा. खाली गेलो तर मॅनेजर म्हणे मोटर जळाली. म्हणजे असं तो म्हणाला असावा, कारण त्याचं तेलुगू मला येईना आणि माझी हिंदी त्याला उमजेना. ही हातात रिकामी बादली घेऊन जिन्यात उभी. अंगावरची ती नजर अजून आठवते. आंघोळी होईस्तोवर साडेनऊ झाले. मग सिटी बस, ती बदलून दुसरी बस. फिल्म सिटी काही हैदराबाद शहरात नाही. विजयवाड्याच्या रस्त्यानं हयातनगर मागं टाकलं की अब्दुल्लापूरमेटच्या बाजूला, शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटरवर. गेट दिसलं तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते.

आणि गेट म्हणजे पार्क नव्हे, हे तिथं गेल्यावर कळलं. गिनीज बुकात जगातला सगळ्यात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून त्याची नोंद आहे, १,६६६ एकर. आमच्या गावचं शिवार ओलीत-कोरडवाहू मिळून जेमतेम एवढं भरेल. गेटवर तिकीट काढायचं, मग त्यांच्या बसनं आत जायचं, आणि आतही लाल रंगाच्या उघड्या बसमधून सेट बघत फिरायचं. बघायला भरपूर आहे. बाग, परदेशातल्या गल्ल्या, रेल्वेचं स्टेशन, विमानतळ, सगळं खोटं आणि सगळं खऱ्यासारखं. हिला मात्र एकच बघायचं होतं, ई टीव्ही मराठीच्या बातम्या कुठून निघतात ते. २००० साली ते चॅनल सुरू झालं तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या बातम्या आमच्या घरात या हैदराबादच्या आवारातून फिरून यायच्या, याचं तिला फार अप्रूप. ते काही दाखवत नाहीत. शोधता शोधता साडेचार वाजले, आणि मी घड्याळ बघायला लागलो. परतीची सिटी बस मिळेल का, जागा मिळेल का. पोरं शेवटचा शो बघू म्हणत होती, मी सगळ्यांना हाकलत बाहेर काढलं. लॉजवर पोचलो रात्री साडेनऊला. हिनं चपला काढल्या आणि तळपाय माझ्यासमोर धरले. बोलली काहीच नाही.

लॉजच्या चारशे रुपयांत मी वाचवलं काय, तर पैसे. दिलं काय, तर सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे तीन. पण तेव्हा असा हिशेब केला नाही. तेव्हा मी गावात येऊन सांगितलं, चौघं चारशात राहिलो.

दुसरी फेरी २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटी. कापूस निघाला होता, गाडी पोराची, नात पाच वर्षांची. बेत सुनेनं आखला. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिच्याकडं प्रत्येक गोष्टीची वही असते. ती म्हणाली, "मामाजी, ह्या वेळी आतच राहू. आत त्यांची हॉटेलं आहेत, तारा आणि सितारा. तिकीट, नाश्ता सगळं खोलीच्या पैशात येते." मी विचारलं, किती? तिनं सांगितलं. पाच माणसं, दोन खोल्या, एक रात्र. मी मनात भागाकार केला. आमच्याकडं मोठ्या रकमेचा भागाकार कापसानं होतो. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव होता ७,५२१ रुपये क्विंटल. उत्तर आलं, दोन क्विंटलच्या वर. एका बाईनं दिवसभर वाकून वेचलेला कापूस भरला तर अर्धा क्विंटल, तोही चांगल्या दिवसाचा. चार-पाच बायांचा दिवस मी एका झोपेत घालवायचा?

मी नाही म्हटलं. सून गप्प बसली आणि तिनं माझ्या साळ्याच्या पोराला फोन लावून दिला. तो अमेरिकेत फ्लोरिडात असतो, डिस्नेच्या पार्कापासून तासाभरावर. असले वाद त्याच्याकडं रोजचे, कारण इकडून जो जातो तो त्याला हेच विचारतो. त्यानं मला जी गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. वॉल्ट डिस्नेनं पहिलं पार्क काढलं १९५५ साली, कॅलिफोर्नियात, संत्र्याच्या बागांची जमीन घेऊन. (संत्र्याच्या बागा म्हटल्यावर मी कान टवकारले, आमच्या वरुडकरांनी ऐकावं.) पार्क बांधता बांधता पैसा संपला, हॉटेल काढायला उरला नाही. मग जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच माणसानं पार्काशेजारी हॉटेल काढलं, नाव दिलं डिस्नेलँड हॉटेल, आणि डिस्ने कंपनीला ते ताब्यात घ्यायला १९८८ उजाडलं. आजूबाजूला बाकीच्यांचीही लॉजं उगवली. पार्क याचं, मुक्कामाचा पैसा दुसऱ्यांचा. म्हणून फ्लोरिडात त्यांनी आधीच सत्तावीस हजार एकर जमीन घेऊन ठेवली आणि १९७१ साली पार्क उघडलं तेव्हा आतली दोन हॉटेलंही सोबतच उघडली.

"अन् मामा," तो म्हणाला, "इथं आतल्या हॉटेलात राह्यलेल्या माणसाले रोज सकाळी बाकीच्यायच्या अर्धा घंटा आधी आत सोडतात. मोठ्या पाळण्यायच्या लाईनी लागाच्या आधी दोन पाळणे होऊन जातात."

म्हणजे मुक्कामी गाडीच की! पहिल्या फेरीसाठी मुक्काम. ही भाषा मला समजते. मी सुनेला म्हटलं, कर बुकिंग, पण एकच रात्र.

इथं दोन चुका झाल्या, दोन्ही माझ्या, आणि हा सगळा लेख त्यांच्यासाठीच आहे.

पहिली चूक वाटेत. आमच्या पांढरकवड्याहून हैदराबाद साडेतीनशे किलोमीटर, सरळ ४४ नंबरचा महामार्ग, आम्ही जुनी माणसं त्याला अजून सात नंबर म्हणतो. पाटणबोरी, पैनगंगेचा पूल, आदिलाबाद, निर्मल. सकाळी सहाला निघालं तर जेवायच्या वेळेला पोचता येतं. शिवाय हैदराबादेत शिरायचं कामच नाही. मेडचलच्या पुढं बाहेरचा रिंग रोड धरायचा, शहराला डावीकडून वळसा घालायचा आणि पेद्दा अंबरपेटला उतरायचं, फिल्म सिटी तिथून जवळ. पण ही म्हणाली, नातीचं अक्षर गिरवून घेऊ, बासर वाटेतच आहे. बासर वाटेत नाही. निर्मलहून आडवं फुटावं लागतं, गोदावरीच्या काठी सरस्वतीचं देऊळ, मग निझामाबादेवरून डिचपल्लीला परत महामार्ग. पण सरस्वतीला नाही कोण म्हणेल? नातीनं पाटीवर अक्षर गिरवलं, पुजाऱ्यानं तिचा हात धरला तर तिनं स्वतःचा हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "मले येते." देवळात हसू आवरेना. पाच तास गेले. ते काही वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण आतल्या हॉटेलात आम्ही पोचलो रात्री आठला.

रात्री आठला दोन क्विंटल कापसाची खोली ताब्यात. खोली छान, गादी अशी की त्यात माणूस बुडतो. बांधून आणलेल्या पुऱ्या आणि ठेचा मी खोलीत बसून खाल्ला, पोरगा वैतागला. सकाळी नऊला आवरून बाहेर. तेरा तास, त्यातले नऊ डोळे मिटून. एवढं तर मी मारुतीच्या देवळातही करतो.

सकाळचा फायदाही फार झाला नाही. आम्ही हॉटेलवरून नऊला पोचलो, तर गेटवरून आलेली पहिली लाल बस आमच्यासोबतच रिकामी होत होती. फ्लोरिडाचं गणित फ्लोरिडात. पळापळ नव्हती, आंघोळ गरम पाण्यानं झाली होती, पोटात इडली होती, एवढं कबूल करतो.

दुसरी चूक दुपारी बाराला उघडी पडली. एका रात्रीची खोली दुपारी सोडायची असते. ही साधी गोष्ट मी, एकतीस वर्षं वेळापत्रकावर जगलेला माणूस, पाहिलीच नव्हती. म्हणजे रात्रभर, जेव्हा कुठंही चाललं असतं, तेव्हा आमच्याकडं खोली होती. आणि जेव्हा खरी गरज, तेव्हा नाही. ऊन चढलं होतं. फेब्रुवारी असला तरी हैदराबादेत दुपारी चटका बसतो. हिचे गुडघे आता त्या वेळचे राहिले नाहीत, बसून उठताना ती दोन्ही हात मांडीवर रेटते. नात सकाळपासून हिंडून चिडलेली, तिला भूक पण नाही आणि झोप पण नाही, असं ती रडत सांगत होती. सून बॅगा भरायला धावली. मी एका झाडाखाली कट्ट्यावर बसलो होतो. शेजारी ही. समोर बाहुबलीच्या सेटकडं जाणाऱ्या बसची रांग.

ही म्हणाली, "तुमी जा सारे. मी अथीच बसतो."

बारा वर्षांपूर्वीची बादली घेतलेली नजर, तीच. मी उठलो, हॉटेलात गेलो आणि दोनपैकी एक खोली आणखी एका रात्रीसाठी मागून घेतली. मिळाली. एक क्विंटलच्या वर गेला. पोरगा माझ्याकडं बघत राहिला, बाबांना ऊन लागलं की काय.

त्या दुपारी आजी आणि नात दीड ते चार झोपल्या. पडदे ओढलेले, पंखा हळू. नातीचा एक पाय आजीच्या पोटावर. मी खुर्चीत बसून होतो, मला दिवसा झोप येत नाही, ड्युटीची सवय. चार वाजता दोघी उठल्या त्या वेगळ्याच बाया होत्या. हिनं केस विंचरले, नातीनं स्वतः बूट घातले, आणि दोघींनी संध्याकाळपर्यंत जे बघितलं ते पहिल्या खेपेला आम्ही चौघांनी मिळून बघितलं नव्हतं. संध्याकाळी बाहेरची माणसं परतीच्या बसकडं निघाली, पोरं खांद्यावर, चपला हातात. त्यांच्यात मी २०१३ चा मी शोधत होतो. एक सापडला. बायको-पोरांना पुढं घालून, मनगटावरचं घड्याळ बघत चालला होता.

तेव्हा आता विचारणाऱ्याला मी आधी हेच विचारतो, सोबत कोण आहे? पंचवीस वर्षांची पोरं असतील तर बाहेर राहा, हयातनगरकडं किंवा एल. बी. नगरला. सकाळी रस्त्याच्या कडेला टिफिनच्या गाडीवर पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, खा, आत कशाला पैसे घालता. ज्यांना चारमिनार, सालारजंग, गोवळकोंडा पण करायचंय त्यांनीही आत राहू नये. एल. बी. नगरहून मेट्रो निघते, ती धरली की शहरात शिरता येतं. (सालारजंग शुक्रवारी बंद असतं, आमच्या शेजाऱ्यांनी शुक्रवारीच नेलं होतं पोरांना.) कुणाला वंडरला या पाळण्यांच्या पार्कालाही जायचं असेल तर तेही त्याच रिंग रोडवर, रावीर्यालला, पण फिल्म सिटीच्या आत मुक्काम टाकून तिकडं जाणं म्हणजे डेपोत गाडी लावून दुसऱ्या डेपोची फेरी मारणं. खोलीचे पैसे आत, माणूस बाहेर.

म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल तर आत. पण एक रात्र नको. एकच रात्र परवडत असेल तर आदल्या दिवशी हजार-बाराशेच्या लॉजवर बाहेर झोपा, सकाळी लवकर जाऊन सामान हॉटेलात ठेवा, त्याच दिवशी पार्क बघा आणि खोली मिळाली की दुपारी माणसाला आडवं करा. रात्र तुमची आहेच. मी केलं त्याच्या बरोबर उलटं. लॉजवर मात्र पैसे देण्याआधी नळ सोडून बघा.

आणि हे सगळीकडं लागू नाही. शेगावला आपण आत-बाहेर असं विचारतो का? भक्तनिवासात जागा मिळाली की मिळाली, पहाटे काकडआरतीला चालत जाता येतं, खिसा रडत नाही. आमच्या टिपेश्वरात तर प्रश्नच नाही, आत वाघ राहतो, माणसानं सुन्ना गेटच्या बाहेर राहायचं. खोपोलीच्या इमॅजिकाला गेटालगतच हॉटेल आहे म्हणतात, पण आमच्याकडून तिकडं जायचं म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसरं, त्यावर मी बोलत नाही.

दुसऱ्या सकाळी सवयीनं पाचला जाग आली. गादीत रुतून पाठ दुखत होती. बाहेर येऊन चालत गेलो तर एक लाल बस धुणं चाललं होतं. ड्रायव्हर पन्नाशीचा, खाकी पँट, पाईप धरून चाकांवर पाणी मारत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. आमची जात एकमेकांना ओळखते. "डिपार्टमेंट?" त्यानं विचारलं. म्हटलं, महाराष्ट्र एसटी, कंडक्टर, रिटायर. तो हसला. मी विचारलं, तुम्हारा मुक्काम किधर? इतना बड़ा हॉटेल है अंदर. त्यानं पाईपानंच गेटच्या दिशेनं दाखवलं, "बाहर. हयातनगर." पहाटे चारला निघतो म्हणाला.

मग पाईप बंद करून त्यानं हात पुसले आणि मला म्हणाला, "बैठो साब, एक राउंड मारते." मी मागच्या बाजूनं चढलो आणि पाय आपोआप वाहकाच्या सीटकडं वळले. त्या गाडीत वाहकाची सीटच नव्हती.